मूल रस्त्यावर आढळले काय?

३ मार्च

बैठक. दोन तास! चार बायका, एक डॉक्टर, एक कारकून आणि बिस्किटांची बशी. त्यातल्या त्यात बशीचंच काम पूर्ण झालं. अध्यक्षीणबाईंनी ‘युद्धकाळातील बालक’ असं भाषण वाचून दाखवलं. बाईंनी आयुष्यात रेशनची रांग पाहिली असेल तर मोटारीच्या काचेतून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी त्यांचं नाव मखमल ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात.

ठरलं ते एवढंच — दारूगोळ्याच्या कारखान्यामागच्या गल्लीत बाप आघाडीवर, आया दिवसभर कामावर आणि पोरं मोकाट. म्हणून दर घराचा एक तक्ता. कामाच्या वेळेत मूल रस्त्यावर दिसलं की एक शेरा. तीन शेरे झाले की मुलं आईकडून काढून शहराबाहेरच्या बालगृहात. तपासनीस मी. एकवीस वर्षं मुख्याध्यापिका होते, पोरं कशी वळतात ते मला कुणी शिकवू नये.

६ मार्च

गल्ली पाहिली. पोरं रेल्वेच्या यार्डातून कोळसा ‘वेचतात’. वेचतात म्हणे! एक नऊ वर्षांची मुलगी, कडेवर तीन वर्षांचा भाऊ, फ्रॉकमध्ये कोळसा. “आई कुठे आहे?” तर म्हणे, “लेथवर.” आई तोफगोळ्यांची कवचं कातते, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. देशसेवा! आणि घरी ही देशाची भावी पिढी, नाक वाहतंय आणि पुसायला कुणी नाही. मीही नाही पुसलं. माझा रुमाल धुतलेला होता.

पहिला शेरा.

११ मार्च

तीच मुलगी! पावाच्या रांगेत एका म्हाताऱ्याची पिशवी घेऊन पळाली. पोलिसाने कानाला धरून आणली.

लेथवालीला कारखान्याच्या फाटकावर गाठलं. हात तेलाने काळे, उभ्या उभ्या पेंगत होती. वर मलाच सांगते — “बाई, माझी पाळी तरी बदलून द्या. नाहीतर एक खोली द्या आम्हाला, कुणी म्हातारी बसवू पोरांजवळ. तिचं आम्ही सगळ्या मिळून बघू.” नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, “खोलीबिली काही नाही. घराला कुलूप आहे ना? मग लावा. पुन्हा रस्त्यावर दिसली तर तिसरा शेरा, आणि मुलं गेली समजा.”

“नेऊ नका हो,” एवढंच म्हणाली. दुसरा शेरा.

१२ मार्च

खोलीचा विषय बैठकीत काढला, उगीच, कामकाजात दिसावा म्हणून. मखमल म्हणाली, “जागा कुठाय?” ज्या दिवाणखान्यात आम्ही सहाजण बसलो होतो तिथे चाळीस पोरं मावली असती. गालिचा मात्र खराब झाला असता. आम्ही पुढचा विषय घेतला.

२० मार्च

गल्ली स्वच्छ! एक पोर बाहेर नाही. एकोणीस दारं, एकोणीस कुलपं. लेथवालीच्या दाराला तर दोन. धाक असला की सगळं जमतं या बायकांना, इतके दिवस नुसती रडगाणी!

‘मूल रस्त्यावर आढळले काय?’ — नाही. शेजारच्या रकान्यात मी लिहिलं, “सूचनेप्रमाणे कुलूप लावलेले. समाधानकारक.” लिहीत असताना आतून ती मुलगी म्हणाली, “बाई, पाणी सांडलं. आईला सांगाल?” मी म्हटलं, “संध्याकाळी येईल ती. गप्प बस.”

२७ मार्च

माझी पद्धत आता सगळ्या शहरात! पत्रक छापणार आहेत. एवढी वर्षं मूर्खांच्या बाजारात काढली, शेवटी किंमत कळली कुणाला तरी. दादाला सांगितलं तर रेडिओवरून मान न वळवता विचारतो, “आणि पोरं दिवसभर आत काय करतात गं?” अडाणी प्रश्न. दादाने एक मूल वाढवलेलं नाही. मीही नाही, पण माझी गोष्ट वेगळी.

२ एप्रिल

हवाई हल्ल्याचा भोंगा सकाळी अकराला झाला. आजवर रात्रीच व्हायचा, आया घरी असताना.

मी गल्लीतच होते. होती ती चार म्हातारी माणसं तळघराकडे पळाली. आणि दारं वाजायला लागली. आतून. सगळी.

कोळशाच्या वखारवाल्याने पहार आणली. तो कुलूप तोडायचा, मी पोरं ओढून तळघराकडे पिटाळायची. अठरा दारं झाली. लेथवालीचं शेवटचं. एक कुलूप तुटलं. वखारवाला ओरडला, “दोन कशाला लावलीत रे!” तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बॉम्ब पडला आणि भिंत आत कोसळली.

मुलगी जिवंत निघाली. भाऊ तिच्या पोटाखाली होता. तो गेला.

३ एप्रिल

झोप नाही. माझी किळस येते मला.

५ एप्रिल

लेथवालीला पकडलं! मूल कोंडून मारल्याचा आरोप. मुलगी बालगृहात. मखमल म्हणाली, “किती निष्काळजी बाई!” आणि डोळ्यांना रुमाल लावला.

मग कारकून वीस मार्चचा तक्ता घेऊन आला — नवा. ‘समाधानकारक’ गायब. त्या जागी “कुलूप न लावण्याची समज दिली.” म्हणाला, “जुना फाडलाय बाई. तुमच्याच भल्यासाठी. सही तेवढी करा.”

केली नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. केली. ती बाई माझ्याहून शंभर पटींनी बरी.

९ एप्रिल

तुरुंगात गेले. वाटलं, अंगावर धावून येईल. आली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाली, “एक कुलूप पोरगी पिनेने उघडायची, बाई. म्हणून दुसरं शेजारणीकडून मागून आणलं. तिसरा शेरा नको होता ना.” मग म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतं, एवढं कोर्टात सांगाल? मुलगी तरी परत मिळेल मला.”

मी म्हटलं, “माझ्या सहीचा कागद उलटं सांगतो. नुसत्या तोंडी शब्दावर कोण विश्वास ठेवणार?”

उद्या सुनावणी आहे.

१० एप्रिल

न्यायाधीश साहेब, ही वही मी स्वतः आणून दिली आहे. अकरा आणि वीस मार्चची पानं दुमडली आहेत, आधी ती वाचा. तिला कुलूप लावायला मी सांगितलं.