खांबावरून उतरवलेला माणूस

गुरुवार, संध्याकाळ. अल मनखूल

आज सतीशला मी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं.

टॉवरच्या लॉबीत चेअरमनना रोमच्या विजयस्तंभासारखा खांब हवाय, खालून वर वेटोळं घेत जाणारं कोरीवकाम. डिझाइन माझं. रोमन खांबावर राजा असतो, तसे माती वाहणारे, भिंती बांधणारे शिपाईही असतात. हरलेल्या शत्रूलासुद्धा जागा असते! म्हणून मी घमेलं घेतलेला माणूस घातला. त्यासाठी माझा नवरा सतीशच घरी हॉलमध्ये खांद्यावर परात घेऊन उभा राहिला होता. हाच टॉवर त्याने साइट इंजिनिअर म्हणून बांधून घेतला, आणि काम संपताच कंपनीने त्याला घरी बसवलं.

बॉस म्हणाला, "मॅडम, ये लेबर-वेबर हटाओ. चेअरमनसाब का फाल्कन डालो. यल्ला, जल्दी!"

केलं डिलीट. घमेलं, खांदा, चेहरा. त्या जागी ससाणा. भांडले का नाही मी? घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतंय म्हणून? की सवयच झालीय?

मघाशी त्याच परातीत कणीक मळत होते. सतीश म्हणाला, "ओपनिंगला पिहूलाही नेऊ गं. खांबावर बाबा दिसेल तिला."

इथे आखातात तोंडावर 'नाही' म्हणवत नाही तेव्हा सगळे जे म्हणतात, तेच मी म्हणाले.

"इन्शाल्ला."