आयच्या गुडघ्यांची चौकशी

बा, तांबडा अजून आपल्याच दावणीला आहे, हे आधी सांगतो. तू जाण्याआधी आणलेलं शेवटचं वासरू. आता म्हातारपणाला टेकलाय, पण नांगराला चालतो.

मी मस्कतला वेल्डिंग मारतो. तू म्हणायचास तसं माझं बूड एका जागी टेकत नाही. शहापूरला कॉलेजात जाणारा चुलतभाऊ तिथल्या सायबर कॅफेतून मेल करतो, फोन महाग पडतो, म्हणून घरची खबर तेवढीच. मध्ये एक मेल आला, तुमचा मेल बंद होणार, पासवर्ड भरा. मी भरला. साहेबाने इथे सही कर म्हटलं की आपण करतो, तसा.

त्या पासवर्डने कोणीतरी आमचे सगळे मेल वाचले. आयचे गुडघे, फुटकी कौलं, तांबड्याला कोणी कितीला मागितलं, सगळं. मग माझ्या नावाने भावाला लिहिलं: अपघात झालाय, दवाखान्यात आहे, फोन करू नका, आजच पैसे पाठवा, मित्राच्या खात्यात. मागितले किती, तर बैलाला येत होते तेवढेच. आणि खाली, आयचे गुडघे कसे आहेत? किळस येते बा, अजून. गोचीड रक्त पिते, पण पिताना तब्येत तरी विचारत नाही.

आयने तांबडा सोडला आणि म्हशाच्या जत्रेत, गुरांच्या बाजारात नेला. गिऱ्हाईक मिळालं. भाव ठरला. भाऊ रडकुंडीला आलेला, "काकी, लवकर गो, बँक बंद होल." आणि आय खाली बसली. तिथेच, धुळीत.

भावाने हे सांगितलं, की मला तू दिसतोस. मी लहान आहे, म्हशालाच आहोत, बैलवाला घाई करतोय, त्याचा टेम्पो निघालाय म्हणे. तू शांतपणे भाकरीचं फडकं सोडून खायला बसतोस. मी तुझा सदरा ओढतो, तर खेकसतोस, "घाई कोनाला हाय ते बघ. आपल्याला नाय." भाकरी संपेपर्यंत बैल कंटाळून बसतो, आणि उठताना त्याचा मागचा पाय फरफटतो. बैलवाला दुसरीकडेच बघत असतो.

आय भावाला म्हणाली, "काटा रुतला तरी गाव गोळा करनारं पोर ते. आनि हाड मोडल्यावर फोन करू नका म्हनतंय? त्याच्या जुन्या नंबरावर लाव."

इकडे मस्कतला माझ्या खिशात फोन वाजला.

"पाय हाइत काय रे दोनी?"

"हाइत गो आय. का?"

"मंग नाय इकत बैल."

गिऱ्हाईक शिव्या देत गेलं. पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला. खोलीतल्या पोरांना सांगतो, मेलवर कोणीही पैसे मागू दे, सख्खा भाऊ का असेना, आधी जुन्या नंबरावर आवाज ऐका. फोन नको म्हणाला, तर नक्कीच करा.

पण फोन ठेवता ठेवता आय म्हणाली, "लिवलं बाकी ग्वाड व्हतं रे. गुडघ्यांचं इचारलं व्हतं."

त्या हलकटाला शिव्या देत मी आमचे सगळे मेल पुन्हा वाचले, बा. भावाने गुडघ्यांचं कितीदा तरी लिहिलं होतं. माझ्या एकाही उत्तरात त्यांचं नाव नाही. त्या चोराने विचारलं, मी नाही.

हे भावाला पाठवलं तर तो आयला वाचून दाखवील. म्हणून नाही पाठवत.