एम्बसीतला माणूस

सनद, बहरीन
मंगळवार, २५ जून २०२४

चि. आर्या,

सनदहून बाबाचे आणि आईचे आशीर्वाद. पाकीट बघून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, माझी नोकरी डिसेंबरपर्यंत आहे आणि साखर काबूत आहे. ऊन मात्र असं की कुंडीतली कारली वेलावरच शिजतायत. वरच्या मजल्यावरच्यांचा एसी आपल्या बाल्कनीत ठिबकतो, त्याखाली आईनं बादली लावली आहे आणि त्या पाण्यावर कढीपत्ता जगवला आहे.

आई आत्ताच पाठीमागून डोकावली. "एसीचं पाणी काय सांगताय तिला? मुद्द्यावर या," म्हणाली. येतो. मला जरा वेळ लागतो, तुला माहीत आहे.

मराठीत लिहितोय, तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. शाळेतल्या हिंदीच्या जोरावर मी तुला 'ळ' शिकवला होता, तेवढ्यावर भागेल. फोनवर मी घसरतो, हे मला आता कळून चुकलंय. कागदावर घसरलो तर निदान तुला दिसेल तरी.

गेल्या शुक्रवारी तुझा फोन आला. विद्यापीठाच्या त्या पाहणीचा फॉर्म आलाय म्हणालीस, दरवर्षी येतो तो. स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं का? उद्या मतदान झालं तर काय कराल? दहा वर्षांपूर्वी काय केलं होतंत? आणि नेहमीसारखं मला विचारलंस, "बाबा, ह्या वेळी काय लिहू?" मी म्हणालो, आवाज तुटतोय, नंतर बोलू.

आवाज तुटत नव्हता, बाय. स्वच्छ येत होता. तुझ्या मागे किटलीतलं पाणी उकळत होतं तेसुद्धा मला ऐकू येत होतं. मी फोन ठेवला कारण आदल्या दिवशी मला हिना भेटली होती.

हो, तीच. तुझी ग्लासगोची हिना, जिच्याबरोबर तू पहिलं वर्ष एका फ्लॅटमध्ये काढलंस. तुला सोडायला आलो होतो तेव्हा तिनं आम्हाला चहा केला होता, आईनं तिच्या हातावर चकल्या ठेवल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी आई आणि मी बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारात साडीला फॉल लावायला गेलो होतो. कापडाच्या दुकानातून एक मुलगी थेट समोर आली. "आप आर्या के बाबा हैं ना?" गेल्या सप्टेंबरपासून ती इथल्या एका शाळेत शिकवते. दहा महिने आपण एकाच बेटावर! आईनं तर तिला रस्त्यातच मिठी मारली.

कोपऱ्यावरच्या टपरीवर करक चहा घेतला. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, आर्याशी बोलणं होतं का? तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, दहा साल हो गये अंकल.

तेव्हा मला कळलं की तुम्ही का भांडलात. तू आम्हाला सांगितलं होतंस की फ्लॅट कॉलेजपासून लांब पडतो म्हणून बदलला.

२०१४च्या त्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, 'हो'वाले हरले होते. हिना स्वयंपाकघरात रडत होती. महिनाभर दारोदार फिरली होती पोर. तू तिला सांगितलंस की तू 'नाही'ला मत टाकलंस. ती म्हणाली, आपलं दोघींचं तर 'हो'च ठरलं होतं ना? तू म्हणालीस, बाबांनी ब्रिटिश एम्बसीत जाऊन विचारलं, स्कॉटलंड वेगळं झालं तर बाहेरच्या विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द होणार होते. ती म्हणाली, असं कुठलीच एम्बसी सांगणार नाही, तू घाबरलीस आणि आता गोष्टी रचतेयस. त्यावर तू काय म्हणालीस ते तिला शब्दन् शब्द आठवतंय. "मेरे बाबा झूठ नहीं बोलते."

आणि आठवड्याभरात तू सामान उचललंस.

मी चहा पीत होतो. आई माझ्याकडे बघत होती. हिना म्हणाली, अंकल, एक बात पूछूँ? आपने सच में पूछा था?

आर्या, तिथे माझ्याकडे वेळ होता. टपरीवाल्यानं दोन गिऱ्हाइकं केली तेवढा वेळ होता. आणि मी म्हणालो, "हाँ बेटा, पूछा था."

तेवढ्यावर थांबावं ना? नाही. मी म्हणालो, टक्कल असलेला एक साहेब होता, निळा टाय, फार सभ्य माणूस. बिचाऱ्याची नंतर मस्कतला बदली झाली.

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, म्हणजे दहा वर्षं मीच चुकीची होते. तुम्ही खरंच गेला होतात आणि मी तिला खोटारडी, भित्री म्हटलं. शाळेला सुट्टी लागतेय, येत्या गुरुवारी संध्याकाळी ती ग्लासगोला निघतेय. शनिवारी तुझ्या दारात येऊन माफी मागणार आहे. तुझा पत्ता तिनं माझ्याकडूनच लिहून घेतला. मी पिनकोडसकट दिला.

गाडीत बसून निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा समोर बघत म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुमची कंबर धरली होती."

मी म्हटलं, कुठल्या दिवशी?

"उगाच वेड पांघरू नका. बुधवार होता. मी तुम्हाला शेक देत होते. तुम्ही पालथे पडला होतात आणि तसेच फोनवर पोरीला सांगत होतात, आत्ताच एम्बसीतून आलो."

दहा वर्षं त्या बाईनं हे पोटात ठेवलं. मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "वाटलं, बाप आहे, काळजीपोटी बोलला, विरून जाईल. विरलं नाही. आता त्या पोरीला माफी मागायला लावताय, हे मात्र मला बघवणार नाही."

सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला.

तर हे असं आहे. मी एम्बसीत गेलो नव्हतो. एम्बसीच काय, त्या दिवशी बाथरूमपर्यंत भिंत धरून गेलो होतो. टकल्या साहेब नाही, निळा टाय नाही, मस्कत नाही. कोणीसुद्धा नव्हतं.

आता बास. हात दुखला. उरलेलं उद्या.

बुधवार, दुपार

ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन आलो. साहेबाला सांगितलं, कंबर धरली आहे. बघ! आईला सांगितलं तर ती हसली नाही.

का केलं, ते सांगतो. सबब म्हणून नाही. तुला ते सांगणारं दुसरं कोणी नाही म्हणून.

तू इथे जन्मलीस, पण सहा महिने बाहेर राहिलीस की इथला व्हिसा गेला. तुझं नाव माझ्या सीपीआर कार्डाला, म्हणजे इथल्या ओळखपत्राला, लागून होतं, ते सुटलं. चिपळूणचं घर काकांनी विकलं होतं. म्हणजे तुला ग्लासगो नाही झेपलं, किंवा ग्लासगोनं तुला नको म्हटलं, तर तू जाणार कुठे? ह्या एका प्रश्नानं मला त्या वर्षी झोप नव्हती. त्यात तू फोनवर अशी हसत होतीस! "बाबा, इंडियन पासपोर्टवर मला मत आहे! पेन्सिलनं खूण करायची!" मी शेवटचं मत दिलं ते १९९१ साली. पुढच्या वर्षी इथे आलो, तेव्हापासून ना इथलं मत, ना तिथलं. इथे आपण पाहुणे; पाहुण्यानं यजमानाच्या घरातल्या गोष्टीत तोंड घालू नये, हे मी तुला लहानपणापासून पढवलं. आणि माझी एकोणीस वर्षांची पोर एका देशानं वेगळं व्हावं की नाही हे ठरवणार होती.

मला अभिमान वाटायला हवा होता. मला धडकी भरली.

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं: आर्या, मला भीती वाटते. तीन शब्द, पण ते काही तोंडातून निघेनात. बापानं घाबरलो म्हणायचं नसतं, असं कोणी शिकवलं कोण जाणे. मग मी माझ्या भीतीला टाय घातला आणि एम्बसीत नेऊन बसवलं.

आणि तू "ओके बाबा" म्हणालीस. एका शब्दानं उलट विचारलं असतंस तरी मी उघडा पडलो असतो.

त्या दिवशी टपरीवर हिनाला मी विचारलं, आता परत मतदान झालं तर? मला वाटलं, ही पेटून उठेल. ती म्हणाली, खरं सांगू अंकल, आता कदाचित मी 'नाही' म्हणेन. अम्मीचं पेन्शन आहे, तिची औषधं आहेत, सगळं नव्यानं मांडायचं म्हटलं की, "डर लगता है." किती सहज म्हणाली गं! कोणाचं नाव पुढे केलं नाही, लाजली नाही. मत बदललं आणि का बदललं ते सांगून चहाचा घोट घेतला. ती आता नाहीकडे आणि तू, मला वाटतं, होकडे. दोघी समोरासमोर बसलात तर कशी मजा येईल.

पण तू खरंच होकडे आहेस का? हे मला ठाऊक नाही आणि त्याचीच मला आता जास्त धास्ती वाटते. २०१५ साली फॉर्म आला, तू मला विचारलंस, मी म्हणालो नाही लिही. युरोपातून बाहेर पडायचं ते मतदान झालं, माझ्या ऑफिसातलं लंडनचं काम अडकलं, मी चिडलो होतो, म्हणालो हो लिही. कोरोनात म्हणालो, "ठाऊक नाही" लिही, आता काही हलवाहलव नको. त्या विद्यापीठातले हुशार लोक तुझी ओळ बघून म्हणत असतील, ह्या मतदाराचं मत बघा कसं बदलत गेलं, स्कॉटलंडच्या तेलामुळे की युरोपमुळे? कसलं तेल! तो तुझा आलेख नव्हेच, तो माझ्या ब्लडप्रेशरचा कागद आहे.

आज सकाळी ऑफिसात बासितशी बोललो. बासित म्हणजे आमच्या भांडाराचा जुना माणूस, इथलाच, मुहर्रकचा. ईदला खजूर पाठवतो तो. १९७० साली युनोचा माणूस इथे आला होता लोकांना विचारायला, तुम्हाला स्वतंत्र देश हवा का म्हणून. बासितचे वडील तेव्हा विशीत होते, त्यांच्या क्लबातही विचारलं होतं. मी म्हटलं, त्यांनी कोणाला विचारून उत्तर दिलं? बासित हसला. म्हणाला, विलास, विचारायला होतं कोण? आजोबा आधीच वारले होते. पोरांनी आपापलं सांगितलं, खलास.

मी जिवंत आहे, ही तुझी अडचण झाली म्हणायची.

आईचं वाचून झालं. म्हणाली, हे शेवटचं वाक्य रडवं आहे, खोडा. नाही खोडत. ह्या पत्रात काहीच खोडायचं नाही असं ठरवलंय.

आता नीट ऐक. हे पाकीट हिनाच आणते आहे. टपालानं पाठवलं तर ती आधी पोचेल, आणि फोन केला तर मी पुन्हा एखादा साहेब बसवीन. ती शनिवारी दारात उभी राहील आणि माफी मागायला तोंड उघडेल. उघडू देऊ नकोस. आधी हे फोड. तुला वाचायला वेळ लागेल तोवर तिला बसव, चहा दे. मग तिला हिंदीत सगळं सांग, कंबर, शेक, टक्कल, मस्कत, काही गाळू नकोस. ती खरं बोलली होती. तूही खरंच बोलली होतीस, तुला जे ठाऊक होतं ते. दोघींच्या मध्ये खोटं बोलणारा एकच होता आणि तो साडेतीन हजार मैलांवर पालथा पडला होता.

आणि तुम्ही दोघींनी मिळून मला शिव्या घातल्यात तर मला बरंच वाटेल. तू महिनाभर फोन केला नाहीस तरी मी समजेन. दोन महिने मात्र लावू नकोस, आईला त्रास होतो.

"माझे बाबा खोटं बोलत नाहीत." हे वाक्य तू मैत्रिणीसमोर माझ्यासाठी खर्ची घातलंस. ते मी तुला परत करू शकत नाही. मी दोन दिवस ह्यावरच विचार करतोय आणि मला उपाय सापडलेला नाही.

त्या फॉर्मवर काय लिहायचं ते मला विचारू नकोस. लिहिल्यावर सांगूही नकोस. हो लिही, नाही लिही, दर वर्षी बदल, माणूस आहेस. फक्त दहा वर्षांपूर्वी काय केलं होतंत, ह्या प्रश्नापुढे जागा असेल तर लिही, की ते मत माझं नव्हतं.

उद्या चार वाजता हिना खाली येणार आहे पाकीट घ्यायला. ती नक्की विचारणार, अंकल, इस में क्या है? मी जिन्यात उभा राहून काय उत्तर देईन, ह्याची आईला खात्री नाही, म्हणून ती बरोबर येणार आहे. मला तर मुळीच खात्री नाही.

दहा वर्षं उशिरा सांगतोय, पण बाय, मला भीती वाटते.

तुझा
बाबा