मोटारसायकलला आवतण

पिंगळी, श्रावण वद्य चतुर्दशी. संध्याकाळ.

उद्या पहाटे निघायचं पक्कं होतं. एकट्यानं, मोटारसायकलवर, निजामाच्या मुलखाबाहेर. आधी मारवाडचं वाळवंट, मग काश्मीरचे डोंगर. दिवाळीनंतर लग्न ठरलंय. मग कोण सोडतंय?

पण उद्या पोळा. आईनं बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळले आणि थेट मोटारसायकलकडे आली. मुठींना तेच लोणी चोळत म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी हसलो. "आई, ही काय बैल हाय का?"

"आवतण दिलंय. आता उपाशी जायाचं न्हाई."

परवा जा म्हणेल. परवा आणखी काहीतरी निघेल.

मुठी पिवळ्या, बुळबुळीत झाल्यात. पुसल्याशिवाय गाडी चालवता येणार नाही. मघापासून फडकं हातात घेऊन बसलोय. आईनं दिलेलं आवतण पुसायचं कसं?