भिंतीकडे तोंड केलेला माणूस

३ मार्च, सोमवार
आमच्या गावच्या म्युझियमला नवा गाइड हवाय. निवडीसाठी २८ तारखेला लोकांसमोर एका चित्रावर दहा मिनिटं बोलायचं. लोखंडी सळया बनवणाऱ्या रोलिंग मिलचं मोठं चित्र मी निवडलं. आमचं कोळसा-पोलादाचं सगळं रूर खोरं त्याकडे कारखाना म्हणून बघतं. त्यातला अर्थ फक्त मला दिसतो. काय दिसतो ते उद्या बघून येईन. संकल्प : रोज कलेवरची दोन पुस्तकं.

४ मार्च
पुस्तक एक. मुखपृष्ठ नीट वाचलं.
चित्रात एकोणचाळीस कामगार लालभडक सळई ओढतायत. एकटाच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून उभा. सापडला! हीच ती व्यक्ती! उद्योगयुगाला पाठ फिरवलेली! डोळे भरून आले. पहारेकऱ्याने बंद करायची वेळ झाल्याचं सांगून बाहेर काढलं.

७ मार्च
बायकोला चित्र दाखवलं. गेर्लिंड म्हणाली, "एगोन, तो मुततोय."
एकतीस वर्षांचा संसार! यापुढे घरात कलेवर चर्चा बंद.

८ मार्च
चर्चा झाली. ती म्हणते, त्याची कोपरं बघ. मी म्हटलं, कोपरांतूनही दुःख व्यक्त होतं.

१५ मार्च
शेजारचे पाव्लित्स्की बिअर पिताना भेटले. चौतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये होते. विचारलं, यंत्रांच्या गराड्यात माणसाला आतून काय वाटतं? खूप विचार करून म्हणाले, "उकडतं."
भाषणाला बोलावलंय. कामगारवर्गाला स्वतःविषयी कळायला हवं.

२० मार्च
भाषण बासष्ट पानं झालं. उद्या कापायचं.

२१ मार्च
अडुसष्ट.

२८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ
पाव्लित्स्की सहा जुने सोबती घेऊन आले. मी रंगात. सातव्या मिनिटाला त्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, जगाकडे पाठ करून हा काय शोधतोय? आणि थांबलो. मी मुद्दाम घेतलेला पॉज होता तो.
मागून पाव्लित्स्की : "मुतारी, साहेब."
हशा थांबल्यावर ते पुढे आले. म्हणाले, "सळई कुणासाठी थांबत नाही हो. दोन मिनिटं जायचं तर आपली सांडशी शेजाऱ्याच्या हातात द्यायची. तो दोघांचं ओढतो. हा शेजारचा बघा ना, दोन्ही हातांत एकेक सांडशी. आणि तोंड बघा. शिव्या घालतोय."
सगळे चित्राला भिडले. खरंच दोन होत्या. मी पंचवीस दिवस बघत होतो.
एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, माझी सांडशी नेहमी हाइन्त्स धरायचा. मग सगळे हाइन्त्सबद्दलच बोलत बसले. पाऊण तास. माझी एकसष्ट पानं उरली. गेर्लिंडही त्यांच्यात खुर्ची ओढून बसली. ते जास्त लागलं.

२ एप्रिल
म्युझियमचं पत्र आलं. गाइड : पाव्लित्स्की. माझी 'तळमळ' मात्र त्यांना भावली. शनिवारी लोकांचे कोट सांभाळायला बोलावलंय. म्हणजे कोट विभागाचा प्रमुख. विभागात दुसरं कुणी नाही, त्यामुळे मतभेद नाहीत.

५ एप्रिल, शनिवार, दुपारी ४.१०
पहिला दिवस. कोट एकोणीस. पाव्लित्स्कींना ऐकायला गेर्लिंडही आली होती. जाताना मी तिला चुकून दुसऱ्याच बाईचा कोट दिला. तिला तो जास्त शोभला. घालून गेली.
ती दुसरी बाई काउंटरसमोर उभी आहे. मी अत्यंत महत्त्वाचं काहीतरी लिहीत असल्यासारखा लिहितोय.