टचपॅडचं दार

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. थोर माणसांची सुरुवात कुणी लिहून ठेवत नाही आणि मग मागाहून लोक तारखांवरून भांडतात.
ऑफिसात नवे लॅपटॉप आले. टचपॅड एवढं मोठं की मांजर आडवं व्हावं. तेही मधोमध नाही, डावीकडे सरकलेलं. उजवीकडे आकड्यांची बटणं कोंबलीत ना! टाइप करताना तळहात टेकला की कर्सर कुठल्या कुठे. एका गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसला. साहेबांना सुनावलं. ते म्हणाले, बाकीच्यांनी काय हात भाड्याने आणलेत?
शेजारच्या टेबलावरची कुरळी (नाव मी ठेवलंय, केसांवरून, तिला माहीत नाही) मात्र हसली. म्हणाली, खरंच बाई, टचपॅड आहे की मैदान! हे ती मला म्हणाली. म्हणजे आमचं दुःख एक.

४ मार्च
संकल्प. डोकं शांत ठेवायचं. कुरळीला टचपॅडच्या जाचातून सोडवायचं. मग मनातलं सांगायचं. याच क्रमाने.
चष्मिस मला म्हणाला, माउस लाव की. हा समोर बसतो, कायम इस्त्रीतला. माउस म्हणे! पाय दुखतोय तर कुबडी घे, त्यातली गत. आणि हा इंजिनिअर. मी कॉलेज मध्येच सोडलं ते उगाच नाही. (बाबा म्हणतात, कॉलेजनेच मला सोडलं. बाबांना तपशील माहीत नाहीत.)
डोकं शांत होतं. फक्त स्टेपलर आपटला.

६ मार्च
सुचलं! टचपॅडला दार. प्लास्टिकच्या फायलीचं. लिहिताना बंद, हवं तेव्हा उघडं. एवढ्या कंपन्यांना सुचलं नाही, कारण तिथे सगळे शिकलेले.
ताई म्हणाली, आधी तुझ्या खोलीचं दार नीट लागत नाही ते बघ. मोठी बहीण आहे म्हणून सोडलं.

८ मार्च
दार मिटून राहीना. रागात फायली फाडल्या. त्यातली एक बाबांची निघाली, विम्याच्या कागदांसकट. जेवताना कुणी बोललं नाही. बरंच झालं, विचार करता आला.
शेवटी आईच्या जुन्या पर्सचं लोहचुंबक काढलं. आई म्हणते पर्स जुनी नव्हती. घरी लॅपटॉप नाही, म्हणून स्टीलच्या ट्रेवर चाचणी घेतली. टुक्‌ करून लागतं. शंभर टक्के यशस्वी.

१० मार्च
सगळ्यांच्या आधी पोचून तिच्या लॅपटॉपला दार चिकटवलं. स्वतःला केलं नाही. त्याग म्हणतात तो हाच.
ती म्हणाली, अरे, हे काय! मग म्हणाली, छान आहे रे. मग हळूच, की उद्या तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, दुसऱ्या शहरातल्या नोकरीचा; कुणाला बोलू नकोस. गुपित! मला! दुसरं शहर जरा खुपलं. पण मलाही इथे कोण धरून ठेवलंय?
दिवसभर तिने दार उघडंच ठेवलं. जपून वापरते.

११ मार्च
ती मीटिंग रूममध्ये, मी काचेबाहेर. धीर द्यायला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दार मिटलं. टुक्‌. स्क्रीन काळी. तिने दार उघडलं, पुन्हा कॉल जोडला. मी खूण केली, घट्ट लाव! तिने घट्ट लावलं. पुन्हा काळी. कॉल तुटला.
चष्मिस स्वतःचा लॅपटॉप घेऊन आत धावला. उरलेला इंटरव्ह्यू त्यावर झाला. नंतर तो सगळ्यांसमोर दार उघडझाप करत बसला. म्हणाला, चुंबक जवळ आलं की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं, मग तो झोपतो. आणि हसला. मी त्याची कॉलर धरली. इस्त्री मोडली, एवढंच समाधान.
साहेब म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी म्हणालो, मीच येणार नव्हतो.
कुरळी नखाने चिकटपट्टी खरवडत होती. सावकाश. आठवण म्हणून ठेवणार असेल.

१३ मार्च
मनातलं सगळं मेसेजमध्ये लिहिलं. शेवटी लिहिलं, तुझ्या त्या मैदानासाठी मी नोकरी सोडली. पाठवलं. अशा शब्दांना नाही म्हणणारी मुलगी जन्मायची आहे.

१५ मार्च
उत्तर नाही. शब्द शोधत असेल.

१७ मार्च
उत्तर आलं. नोकरी मिळाली, रविवारी निघते आहे. माझ्यावर राग नाही. पण मनात तसं काही नाही, कधीच नव्हतं. आणि टचपॅडचा तिला त्रासही नव्हता. पहिल्याच दिवशी चष्मिसने सेटिंग बदलून दिलं होतं, टाइप करताना ते आपोआप बंद राहतं. तू एवढा चिडला होतास, म्हणून आपलं मैदान म्हणाले, असं लिहिलंय. मग दार तरी का लावलंस, असं मी विचारलं. तर म्हणे, तू काचेतून बघत होतास ना.

१८ मार्च
ताईने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, नेटवर्क नाही. एरवी टोमणा मारते. आज नाही मारला.
चुंबक चष्मिसने पाकिटात घालून पाठवलं होतं. आईच्या पर्सला परत चिकटवून दिलं. तिने विचारलं, लागेल ना रे नीट? म्हटलं, लागेल.
लागलं नाही. आई म्हणाली, राहू दे, मी हाताने धरून ठेवीन.