तुळशीचा मामा आणि पाचवा रेडिएटर

ब्रिस्टल,
९ नोव्हेंबर २०२५

चि. मंजिरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुझे दादा मागून तसं नाही, तसं नाही करत राहतात आणि माझं म्हणणं निम्मंच पोचतं. पत्रात त्यांना घुसता येत नाही.

आई भाऊबीजेनंतर तुझ्याकडे क्रॉयडनला आल्या त्या तुळशीच्या लग्नापुरत्या. लग्न लागलं, आता परत पाठव. इथे दिवसभर मी आणि भिंती. चौथी पास सुनेचं अक्षर त्यांनी वळणावर आणलं, आणि आता चुका काढायला त्याच घरात नाहीत.

एक भानगड आहे, ती माझ्याकडूनच ऐक. दिवाळीच्या सुटीत दादांनी खोल्या तापवणाऱ्या पाचही रेडिएटरचे जुने व्हॉल्व्ह बदलले. आमचे हीटिंगचे पाइप करंगळीपेक्षा बारीक, त्याला मायक्रोबोअर म्हणतात. प्लंबर बोलवा म्हटलं तर म्हणाले, मी विमानाचे पंख बनवतो. काळंकुट्ट पाणी काढलं ते माझ्या कणकेच्या परातीत. ऑक्टोबरात हीटिंग कोण लावतं? आता लावलं, तर चार रेडिएटर भाकरी भाजावी असे तापले आणि आईंच्या खोलीतला व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात कोमट, पुढे बर्फ.

दोन दिवसांत होईल म्हणतात. तू आईंना शनिवारी कोचमध्ये बसव. तुझ्या सियाला पापा.

लोभ आहेच, आईंना अडवून तो कमी करू नकोस.
तुझी वहिनी,
सुप्रभा


क्रॉयडन,
१३ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईला दाखवलं नाही, नाहीतर तिने तेव्हाच बॅग भरली असती. गेल्या हिवाळ्यात त्याच खोलीत ती दोन महिने खोकत होती, आणि दादा तेव्हाही दोन दिवसांत होईल म्हणाला होता. म्हणून माझी अट ऐका. खोलीत सलग तीन दिवस वीस डिग्री हवं, थर्मामीटरच्या फोटोसकट. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर आई गुढीपाडव्यापर्यंत इथेच. आणि थर्मामीटर चहाच्या कपाला टेकवून फोटो काढायचा नाही. मी तुम्हाला ओळखते.

आई बरी आहे, पण मी ऑफिसात, सिया शाळेत, मग ती एकटी खिडकीत बसून ट्रॅम मोजते. तुळशीचं लग्न छान झालं. मामा म्हणून उभा करायला ऊस काही मिळाला नाही, तर आईने कुठूनशी एक तांब्याची काठी काढली आणि तीच कुंडीत रोवली. रोज चिंच लावून घासते. सिया शाळेत जाताना मामाला गुड मॉर्निंग म्हणते.

रागावू नका, आणि रागावलात तरी पत्र पाठवा.
तुमची,
मंजिरी


ब्रिस्टल,
१९ नोव्हेंबर

चि. मंजिरीस,
अ. आ.

चहाचा कप माझ्या मनातही नव्हता. मी गरम पाण्याच्या पिशवीचा विचार केला होता.

दादांचं निदान झालं. म्हणे पाइप गाळाने तुंबलेत, फरशीच्या फळ्या उचलाव्या लागतील, काम जूनमध्ये. चार रंगांत नकाशा काढलाय. मी जूनपर्यंत थांबणारी बाई नव्हे. काढलेला जुना व्हॉल्व्ह भाजीच्या पिशवीत घातला आणि प्लंबिंगच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने चष्मा वर करून तो फिरवून बघितला आणि विचारलं, ह्यातली नळी कुठाय?

त्याने पेनाने दाखवलं. ह्या जातीच्या रेडिएटरला गरम पाणी आत जायला आणि गार बाहेर यायला एकच व्हॉल्व्ह. आतून एक नळी गरम पाण्याला पार पलीकडे नेऊन सोडते. नळी नसेल तर पाणी दारातून आलं, दारातूनच गेलं. बिनचहाचा पाहुणा! नव्या व्हॉल्व्हबरोबर नळी येत नाही, जुनीच घालायची, आणि त्या मापाची आता कुणी बनवतही नाही.

घरी येऊन ह्यांना धरलं. चारांत नळ्या आठवणीने घातल्या. पाचव्याला मधेच ऑफिसचा फोन आला, परत येऊन बघतात तर पेपरवर नळी नाही, म्हणजे घातली असणार, असा ह्यांचा हिशेब! अशा हिशेबाची विमानं उडतात, देवाची कृपा.

मी कचरा ओढणाऱ्या हूवरची पिशवीसुद्धा उलटी केली. आई त्या दिवशी तिथेच झाडत होत्या, त्यांना जरा विचार की तांब्याची, हातभर लांब, बोटापेक्षा बारीक अशी काही…

मंजिरी! तुझं पत्र आत्ता काढून परत वाचलं. मामा पोकळ आहे का ते फुंकून बघ. गुपचूप. असेल तर आईंना न सांगता पोस्टाने पाठव, त्याच्या जागी दुसरी काठी लाव. तुझे वीस डिग्री त्या कुंडीत उभे आहेत.

घाईत आहे, माया पूर्वीइतकीच.
सुप्रभा


क्रॉयडन,
२२ नोव्हेंबर

चि. सौ. सुप्रभास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मंजिरी ऑफिसला जायच्या वेळी तुळशीपुढे उकिडवी बसून मामाला फुंकत होती. पकडली. दोन्ही पत्रं काढून घेतली आणि वाचली. अक्षर सुधारलंय, जीभ आहे तशीच आहे.

नळी मीच उचलली. तांबं पायदळी पडलेलं मला बघवत नाही. ज्ञानेश्वरने पेपरवर मांडलं होतं ते सगळं भंगार वाटलं, आणि तुळस तर कधीची कलली होती, तिला आधार म्हणून नळी बरोबर घेऊन आले. आता तू म्हणतेस पोस्टाने पाठवा. लग्नात उभा राहिलेला मामा पाकिटात घालून पाठवायचा? मी असेतो नाही. तो येईल तर तुळशीबरोबर, आणि तुळस येईल तर माझ्या मांडीवर.

मंजिरी म्हणते खोली तापल्याशिवाय आई जाणार नाही. मी म्हटलं, आई गेल्याशिवाय नळी जाणार नाही आणि नळीशिवाय खोली तापणार नाही, आता तूच बघ. एवढी शिकलेली मुलगी, दहा मिनिटं बोटांवर हिशेब मांडत बसली. मग फोनवर माझं तिकीट काढलं. पुढच्या शनिवारी बाराच्या कोचने येते. दोन दिवस तुमच्या हॉलमध्ये झोपेन. परात घासून ठेव, आणि ज्ञानेश्वरला ओरडू नकोस, मी आल्यावर मिळून ओरडू.

सुखात राहा.
आई


ब्रिस्टल,
३ डिसेंबर

चि. मंजिरीस,
अ. आ.

सोबत तीन दिवसांचे तीन फोटो. एकवीस, एकवीस, बावीस. तिसऱ्यात कप दिसतो तो आईंचा आहे आणि थर्मामीटरपासून हातभर लांब आहे, मी मोजलंय.

मामाला आत घालण्याआधी आईंनी हळदकुंकू लावलं. दादा म्हणाले, त्याने पाइप तुंबतील. आईंनी विचारलं, तुंबलेलेच होते ना तुझे? तेव्हापासून नकाशा कुठे दिसत नाही, आणि येईल त्या पाहुण्याला सांगतात, मला पहिल्यापासून नळीचाच संशय होता. आईंना खोलीत उकडतंय. खिडकी उघडून बसतात, आणि मी मागून जाऊन बंद करते. घर भरलंय.

दादा सकाळपासून आपला तो लांब, नवा स्क्रूड्रायव्हर शोधताहेत. हूवरची पिशवी ह्या वेळी त्यांनी उलटी केली. तुळस मात्र खिडकीत ताठ उभी आहे, आणि आई तिच्या पायथ्याशी चिंच घेऊन बसल्यात.

सियाला सांग, नवा मामा आलाय. तुझा लोभ आम्हा दोघींवर राहो.
तुझी वहिनी,
सुप्रभा